'आता स्विच तुम्हीच बघा' : कन्सोलच्या काळ्या स्क्रीनची भीती

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात :

ताई तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहेत. नेटवर्क सांभाळणारा तरुण सहकारी दुसरीकडे नोकरी लागून गेला. जाताना पासवर्ड आणि काही कमांड लिहिलेली एक वही त्यांच्या हाती देऊन गेला. प्राचार्य म्हणाले, "आता स्विच तुम्हीच बघा." सिस्को कंपनीचे चार स्विच (कॉलेजचे संगणक नेटवर्कला जोडणाऱ्या पेट्या) आहेत आणि नव्या लॅबमधल्या काही पोर्टांचा (केबल लावायच्या खाचांचा) व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा केलेला गट, बदलायचा आहे. ताईंनी निळी कन्सोल केबल लॅपटॉपला लावली. आधी नुसतीच काळी स्क्रीन, मग कायदेशीर कारवाईचा इशारा देणारा इंग्रजी मजकूर, मग युजरनेम आणि पासवर्ड. पासवर्ड टाईप करताना एकही अक्षर उमटेना, म्हणून कीबोर्ड अडकला असं वाटलं. आत गेल्यावर वहीतली 'शो रनिंग-कॉन्फिग' ही कमांड दिली, तर ती चुकीची असल्याचा संदेश आला. पुन्हा टाईप करताना स्पेलिंग चुकलं आणि स्क्रीन बराच वेळ गोठली. घाबरून त्यांनी केबलच उपटली.

त्या विचारतात, "माझं शिक्षण या विषयातलं नाही, इंग्रजीही बेताचं. परीक्षेचे अर्ज भरणं चालू आहे. माझ्या एका चुकीच्या अक्षरानं अख्खं कॉलेज बंद पडलं तर? स्विच विकणारे दर फेरीचे पैसे घेतात आणि आठवड्यानं उगवतात. हे काम मी नाकारावं की शिकावं? आणि केबल उपटल्यामुळे काही बिघडलं असेल का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला जास्त छळत असणार. केबल उपटल्यानं काहीही बिघडलेलं नाही. कॉलेजचा डेटा कन्सोल केबलमधून जातच नाही. ती फक्त स्विचशी बोलायची सोय आहे. मात्र एक काम राहिलंय. केबल काढली म्हणून तुमचं लॉगिन संपत नाही, कारण पलीकडे कुणी उरलं नाही हे स्विचला कळत नाही. सिस्कोच्या मूळ सेटिंगनुसार १० मिनिटं एकही कळ दाबली गेली नाही, की तो आपणहून बाहेर काढतो. पण कित्येक जण कामाच्या सोयीसाठी ही मर्यादा काढून टाकतात. मग उघडं राहिलेलं लॉगिन तसंच राहतं आणि पुढे जो कुणी केबल लावेल तो पासवर्डशिवाय थेट आत शिरतो. तेव्हा उद्या केबल परत लावा, एंटर दाबा, आणि आत असाल तर 'एक्झिट' टाईप करून रीतसर बाहेर या. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितेय, टाईप अर्थात इंग्रजीतच करायच्या.)

आता तुमचं ते 'एका चुकीच्या अक्षरानं' हे वाक्य. तुमची भीती खोटी नाही, पण ती भलत्या जागी लागली आहे. पत्रात तुम्ही जिथे जिथे घाबरलात, तिथे प्रत्येक वेळी स्विच अगदी नेहमीसारखा वागत होता. आणि जी कमांड खरोखर कॉलेज बंद पाडू शकते, तिच्यानंतर स्क्रीनवर लाल अक्षरं येत नाहीत, इशारा येत नाही, काही गोठत नाही. स्विच मुकाट्यानं कमांड घेतो आणि पुढचा प्रॉम्प्ट (कमांड लिहायच्या जागेआधी दिसणारं नाव आणि चिन्ह) दाखवतो. म्हणून तुम्ही जे पाहिलंत ते आधी क्रमानं समजून घेऊ.

काळी स्क्रीन म्हणजे स्विच तुमची वाट बघतोय. सुरू करण्यासाठी रिटर्न दाबा, ही ओळ तो कधीच दाखवून मोकळा झालेला असतो. तुम्ही नंतर जोडल्या गेलात म्हणून ती दिसली नाही. एंटर दाबला की जागा होतो. एंटर दाबूनही काहीच आलं नाही किंवा चित्रविचित्र खुणा उमटल्या, तर पुटीमधली (लॅपटॉपवरून स्विचशी बोलायच्या प्रोग्रॅममधली) सेटिंग तपासा : वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. कॉम पोर्टचा (लॅपटॉप त्या केबलला देतो त्या जोडणीचा) नंबर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतो, आणि यूएसबीची केबल दुसऱ्या खाचेत लावली की तो बदलू शकतो. निम्म्या वेळा 'स्विच लागत नाही' ही तक्रार इथेच मिटते.

मग आला तो कायदेशीर कारवाईचा मजकूर. त्याला बॅनर म्हणतात. तो स्विचनं तुम्हाला उद्देशून लिहिलेला नाही. तुमच्या आधीच्या सहकाऱ्यानं, किंवा स्विच बसवायला आलेल्या माणसानं, तो सेटिंगमध्ये टाईप करून ठेवला आहे आणि जो येईल त्याला तो दिसतो. तरी त्याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ हे मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात अथवा नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्हाला यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण प्राचार्यांनीच सांगितलंय. पण ते तोंडी सांगितलंय. उद्या काही गडबड झाली की 'आम्ही फक्त बघा म्हणालो होतो' असं ऐकायला मिळू शकतं. दोन ओळींचा कार्यालयीन आदेश मागून घ्या : अमुक स्विचांच्या देखभालीची जबाबदारी आणि लॉगिनचा अधिकार अमुक तारखेपासून तुमच्याकडे. स्विचला हात लावण्याआधीचं पहिलं काम माझ्या मते हेच, आणि त्याला एकही कमांड लागत नाही.

पासवर्डचं म्हणाल तर इथे ठिपके किंवा फुल्यासुद्धा येत नाहीत. बँकेच्या पानावर फुल्या बघायची सवय असते म्हणून कीबोर्ड मेला असं वाटतं. मागे बसलेल्याला पासवर्डात अक्षरं किती हेही कळू नये, म्हणून ही सोय. निवांत टाईप करा आणि एंटर दाबा. चुकलात तर लॉगिन अमान्य अशी ओळ दाखवून पुन्हा विचारतो. तिसऱ्यांदाही चुकलं तर पहिल्या पायरीवर नेतो. पासवर्डात लहान-मोठ्या लिपीचा फरक पडतो, कमांडमध्ये पडत नाही; म्हणून कॅप्स लॉकवर नजर ठेवा. आणि एक बारकावा : तुम्हाला युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही विचारले, म्हणजे त्या स्विचमध्ये नावानिशी खाती तयार केलेली आहेत. ज्या स्विचवर थेट फक्त पासवर्ड विचारला जातो, तिथे सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असतो आणि आत कोण येऊन गेलं हे मागाहून सांगता येत नाही. तुमच्या चारही स्विचांवर काय विचारलं जातं ते वहीत लिहून ठेवा.

आता 'शो रनिंग-कॉन्फिग' चालली नाही ते. तुम्ही कमांड बरोबर लिहिली होती. तुमच्या प्रॉम्प्टच्या शेवटी '>' होता, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. '>' म्हणजे साधा वापरकर्ता. या पातळीवर पूर्ण सेटिंग बघायला परवानगीच नाही. पण सिस्को 'तुम्हाला परवानगी नाही' असं म्हणत नाही. त्या पातळीवर ती कमांड अस्तित्वातच नसल्यासारखं वागतो आणि '^' या खुणेपाशी चूक आहे असं सांगतो. स्पेलिंग चुकलं तरी हाच संदेश, अधिकार कमी पडला तरी हाच. म्हणून हा संदेश आला की अक्षरं तपासायच्या आधी प्रॉम्प्टचं शेवटचं चिन्ह बघायचं. ती '^' खूणही नीट बघा. ती नेमकी जिथे अडलं त्या शब्दाखाली येते. पहिला शब्द मान्य आणि दुसऱ्याखाली खूण, याचा अर्थ 'शो' ठीक आहे, पुढचं या पातळीवर नाही.

आणि ते गोठणं. तुम्ही बहुधा एकच शब्द चुकीचा टाईप करून एंटर दाबलात. ओळखीचा नसलेला एकटा शब्द दिसला की सिस्कोचा स्विच समजतो की हे दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचं नाव आहे आणि तुम्हाला तिकडे जायचंय. मग तो नेटवर्कवर त्या नावाचा पत्ता शोधत बसतो. कुणी उत्तर देत नाही, म्हणून वेळ जातो. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ एकदम दाबा, तो शोध सोडतो. एवढा वेळ कॉलेजचं नेटवर्क बिनबोभाट चालूच होतं. फक्त तुमची खिडकी अडकली होती.

म्हणजे पाच वेळा छातीत धस्स झालं आणि पाचही वेळा काहीच झालेलं नव्हतं. आता प्रॉम्प्टकडे वळू, कारण खरी अक्कल तिथे लागते.

प्रॉम्प्टचा पहिला भाग म्हणजे स्विचचं नाव. कुणी दिलं नसेल तर नुसतं 'स्विच'. तुमच्या चारही यंत्रांचं नाव 'स्विच'च असेल तर ते आधी बदलून घ्या. पहिल्या मजल्याच्या स्विचवर आहोत असं समजून ऑफिसच्या स्विचवर काम करण्याचा धोका तिथेच टळतो. नावापुढचं चिन्ह तुमचा अधिकार सांगतं. '>' असताना 'एनेबल' टाईप केलं की वेगळा पासवर्ड विचारतो आणि '#' येतो. (काही खात्यांना पूर्ण अधिकार, म्हणजे १५ वी पातळी, आधीच दिलेली असते, तिथे लॉगिन होताच '#' दिसतो.) '#' वरून 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटलं की नावापुढे कंसात 'कॉन्फिग' येतं. एखाद्या पोर्टाच्या आत गेलात की कंसात 'कॉन्फिग-इफ'. सातबारा बघणं वेगळं आणि फेरफार नोंदवणं वेगळं, तसाच इथे कंस नसण्याचा आणि असण्याचा फरक आहे. कंस दिसत असेल तर तुम्ही लिहिता ते एंटर दाबल्याक्षणी लागू होतं. 'खात्री आहे का?' असं बहुतेक कमांडना विचारत नाही.

मात्र नुसत्या '#' ला निरुपद्रवी समजू नका. 'रीलोड', म्हणजे स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होणं, तिथूनच होतं. 'राईट' म्हणजे सेटिंग साठवणं, आणि 'राईट इरेज' म्हणजे साठवलेली सेटिंग पुसणं. ही कमांड मात्र विचारते, पण सवयीनं एंटर दाबला की संपलं. फोनवर कुणी 'राईट मार' म्हणालं तर पूर्ण कमांड वदवून घ्या.

प्रॉम्प्ट एक गोष्ट सांगत नाही, आणि ती तुम्हाला कुठल्या पुस्तकात ठळक केलेली सापडायची नाही. कंसात 'कॉन्फिग-इफ' दिसतं, पण तुम्ही कुठल्या पोर्टाच्या आत आहात हे दिसत नाही. समजा, १४ नंबरच्या पोर्टात गेलात, तेवढ्यात प्राचार्यांच्या केबिनमधून बोलावणं आलं. अर्ध्या तासानं परत आलात. स्क्रीनवर आलेल्या संदेशांमुळे जुन्या ओळी वर सरकून गेल्या आणि समोर नुसता 'कॉन्फिग-इफ'. इथे आठवणीवर विसंबून पुढची कमांड द्यायची नाही. 'एंड' म्हणा, '#' वर या, आणि पहिल्यापासून आत जा.

ते मधेच येणारे संदेशही सांगून टाकते. तुम्ही टाईप करत असताना '%' ही खूण असलेली ओळ मधेच घुसते आणि तुमचा शब्द तुटल्यासारखा दिसतो. तो तुटलेला नसतो, पुढे लिहीत राहिलात तरी चालतं. त्या ओळीत ० ते ७ पैकी एक आकडा असतो. जितका लहान तितकी बाब गंभीर. लॅबमधल्या कुणी पीसी बंद केला तरी त्या पोर्टाची लिंक 'डाऊन' झाल्याचा संदेश येतो. तो वाचून धावत सुटायचं नाही, पोर्ट नंबर बघायचा.

आता खरा धोका कुठे आहे ते. दोन स्विचांना जोडणाऱ्या पोर्टाला ट्रंक म्हणतात. त्यातून अनेक व्हीलॅन जातात. समजा त्या ट्रंकवर नवा व्हीलॅन ३० सोडायचा आहे. कुणी तरी 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं टाईप करतं. बरोबर वाटतं ना? स्विच ती निमूटपणे घेतो. पण तिचा अर्थ 'यादीत ३० मिळव' असा नाही, 'यादी म्हणजे फक्त ३०' असा आहे. बाकीचे सगळे व्हीलॅन त्या क्षणी तुटतात आणि ऑफिस, ग्रंथालय, परीक्षा विभाग एकदम अंधारात. 'व्हीलॅन' आणि '३०' यांच्या मध्ये 'ॲड' हा शब्द हवा होता. तुम्हाला भीती होती ती चुकीच्या अक्षराची. चुकीचं अक्षर स्विच परत पाठवतो. गाळलेला शब्द तो परत पाठवत नाही.

तुमच्या कामात, म्हणजे लॅबच्या पोर्टाला व्हीलॅन लावण्यात, असाच एक छोटा सापळा आहे. ३० च्या जागी चुकून ३ लिहिलंत आणि ३ नंबरचा व्हीलॅन नसेल, तर बहुतेक वेळा स्विच 'हा व्हीलॅन नाही, तयार करतोय' अशी एक ओळ दाखवतो आणि खरोखर तयार करतो. पीसी त्या ओसाड व्हीलॅनमध्ये एकटा पडतो. ती ओळ दिसली की थांबायचं.

या सगळ्यात तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. सध्या चालू असलेली सेटिंग म्हणजे रनिंग-कॉन्फिग, आणि साठवून ठेवलेली म्हणजे स्टार्टअप-कॉन्फिग. तुम्ही केलेला बदल लगेच लागू होतो, पण 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' म्हणेपर्यंत तो साठवला जात नाही. साठवण्यापूर्वी बिघडलं, तर स्विच बंद करून चालू केला की जुनी सेटिंग परत येते. जाणकार माणसं बदल करण्याआधीच 'रीलोड इन १०' देऊन ठेवतात. सगळं नीट झालं तर १० मिनिटांच्या आत 'रीलोड कॅन्सल', आणि काही तरी तुटून आपण स्वतःच बाहेर फेकलो गेलो तर स्विच आपोआप मागच्या सेटिंगवर उठतो. पण दोन अपवाद लक्षात ठेवा. व्हीलॅनची यादी बऱ्याच स्विचांवर फ्लॅशमधल्या (स्विचच्या कायमच्या मेमरीतल्या) वेगळ्या फाईलमध्ये ताबडतोब लिहिली जाते. पुसलेला व्हीलॅन रीलोड करून परत येईलच असं नाही. दुसरं, आधीच्या सहकाऱ्यानं केलेले बदल त्यानं साठवले होते का? नसतील तर रीलोडबरोबर तेही जातील. गावात एकदा वीज जाऊन यूपीएस संपला की 'काल चालत होतं, आज काय झालं' हे कोडं अशातूनच पडतं. म्हणून दोन्ही कॉन्फिग बघून त्यांत फरक आहे का, हे बदलाला हात घालण्याआधीच तपासा.

आता तुमचा मूळ प्रश्न : नाकारावं की शिकावं? तुम्ही दोनच रस्ते लिहिले आहेत. मधला एक आहे आणि सध्या तोच मी सुचवेन.

नाकारणं यात कमीपणा काही नाही. लेखी आदेश द्यायला संस्था तयार नसेल, तर स्वच्छ शब्दांत नकार द्या. तिथे शिकण्याची हौस आड येऊ देऊ नका. विक्रेत्यावर पूर्ण अवलंबून राहणं मात्र मला पटत नाही. पैसे हा एक भाग. त्याहून मोठा भाग असा की तुमच्या स्विचांची सेटिंग आणि पासवर्ड संस्थेत कुणालाच माहीत नसणं ही परिस्थिती कुठल्याही संस्थेला परवडणारी नाही. ती माहिती संस्थेची मालमत्ता आहे, ती मागून घेण्यात संकोच नको.

मधला रस्ता म्हणजे आत्ता फक्त वाचायचं. परीक्षेचे अर्ज संपेपर्यंत कंसातल्या प्रॉम्प्टमध्ये जायचंच नाही. पुटी उघडताना त्यातलं लॉगिंग चालू करा, म्हणजे स्क्रीनवर येईल ते सगळं फाईलमध्ये उतरेल. 'एनेबल' करून '#' वर जा, 'टर्मिनल लेंथ ०' द्या म्हणजे दर पानाला 'मोअर' म्हणून थांबणार नाही, आणि 'शो रनिंग-कॉन्फिग' पूर्ण उतरवून घ्या. चारही स्विचांचं हे करा. त्या फाईलमध्ये पासवर्ड कुठल्या ना कुठल्या रूपात असतात, आणि ज्यांच्या आधी '७' हा आकडा असतो ते तर सहज उलगडता येतात. तेव्हा त्या व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवायच्या नाहीत.

त्याच बैठकीत 'शो इंटरफेसेस स्टेटस' बघा. प्रत्येक पोर्टाची एक ओळ येते. 'कनेक्टेड' म्हणजे पलीकडे चालू यंत्र आहे, 'नॉटकनेक्ट' म्हणजे केबल नाही किंवा पीसी बंद, 'डिसेबल्ड' म्हणजे कुणी मुद्दाम बंद केलंय, आणि 'एर-डिसेबल्ड' म्हणजे काही गडबड पकडून स्विचनं स्वतः बंद केलंय. व्हीलॅनच्या रकान्यात आकड्याऐवजी 'ट्रंक' दिसेल ते पोर्ट वहीत लाल शाईनं लिहा. 'शो सीडीपी नेबर्स'मध्ये त्या पोर्टांच्या पलीकडे कुठला स्विच आहे हेही बहुतेक कळेल. जोडणीचा नकाशा वहीत नसेल तर तो तुम्हीच कागदावर काढा. लाल शाईच्या पोर्टांना हात लावायची वेळ आली तर विक्रेत्याला बोलवा, पैसे द्या, आणि शेजारी बसून तो काय टाईप करतो ते लॉग करून घ्या.

सराव कॉलेजच्या स्विचवर नको. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर खातं काढलं की पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. त्यात खोटा स्विच उभा करून हेच सगळे प्रॉम्प्ट, हेच संदेश बघता येतात. 'ॲड' गाळून काय होतं हेही तिथे मुद्दाम करून बघा. खऱ्या यंत्रावरच हात बसवायचा असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुने सिस्को मिळतात. पण तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही.

इंग्रजीबद्दल तुम्ही लिहिलंय. लॉगिनपासून पोर्टाचा व्हीलॅन बदलण्यापर्यंत वाचाव्या लागणाऱ्या इंग्रजी ओळी एका फुलस्केप पानावर मावतील. त्या सगळ्या वर येऊन गेल्या. शिवाय कुठल्याही प्रॉम्प्टवर '?' दाबा, तिथे काय काय देता येतं त्याची यादी येते. अर्धा शब्द लिहून टॅब दाबा, उरलेला स्विच पूर्ण करतो. शब्द पूर्ण झाला नाही तर समजा की स्पेलिंग तरी चुकलंय, किंवा त्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द एकाहून जास्त आहेत. ज्याला स्पेलिंगची धास्ती आहे त्यानं टॅब दाबल्याशिवाय एंटर दाबू नये. मला स्पेलिंगची धास्ती नाही, तरी मी हेच करते.

अर्ज भरून झाले, आदेश हातात आला, चारही फाईली जपून ठेवल्या, की लॅबच्या पोर्टांचं काम तुम्ही स्वतः करा. एक पोर्ट घ्या, कॉलेज सुटल्यावर. 'कॉन्फिगर टर्मिनल', पोर्टाचं नाव, 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस', 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन' आणि नंबर, मग 'एंड'. त्या पीसीवर इंटरनेट आणि प्रिंटर दोन्ही चालतात का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तक्रार नसेल तर मग साठवा. मग पुढचे पोर्ट.

जुन्या सहकाऱ्याचं खातं राहू देऊ नका. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. त्याच्या नावानं कुणी आत आलं तर उद्या त्यालाच त्रास. तुमच्या नावाचं खातं आधी तयार करा, एकदा बाहेर पडून त्यानं लॉगिन होतं हे तपासा, आणि मगच त्याचं काढा. क्रम उलटा झाला तर तुम्हीच बाहेर राहाल. पासवर्ड पुसून नव्यानं बसवायची रीत आहे, पण तिला स्विच बंद करून समोरचं मोड बटण दाबून चालू करावा लागतो. कामाच्या दिवशी तो खेळ नको.

तुमच्यासारखं पत्र लिहू शकतील अशा इतरांसाठी थोडं. स्विच सिस्कोचा नसेल तर चिन्हांचे अर्थ बदलतात. हुवावेवर नाव '< >' मध्ये असतं तेव्हा बघायची पातळी आणि '[ ]' मध्ये गेलं की बदलायची. 'शो'च्या जागी 'डिस्प्ले'. तिथे पोर्टाचं नावही प्रॉम्प्टमध्ये दिसतं, ही मला फार आवडणारी गोष्ट. ज्युनिपरवर '#' म्हणजेच बदलायची पातळी, पण 'कमिट' म्हटल्याशिवाय काही लागू होत नाही. सिस्कोवर इंटरनेटवरून किंवा लॅनवरून एसएसएचनं (कन्सोल केबलशिवाय लॉगिन करायच्या पद्धतीनं) गेलात, तर 'लॉगिन ॲज' ही विचारणा स्विचची नसून पुटीची असते. आणि पुढच्या दोनपैकी एखादी स्क्रीन दिसली तर काहीही टाईप करायचं थांबवा. लहान लिपीतलं 'स्विच' आणि पुढे नुसता ':' आला, म्हणजे मुख्य प्रणाली सुरूच झालेली नाही. प्राथमिक सेटिंग सुरू करू का, असा 'येस' की 'नो'चा प्रश्न आला, म्हणजे साठवलेली सेटिंग रिकामी आहे. 'नो' म्हणा आणि उतरवून ठेवलेली फाईल शोधा.

ताई, चारही स्विचांची 'शो इंटरफेसेस स्टेटस'ची यादी आणि ट्रंकच्या ओळी, पासवर्ड आणि कॉलेजचं नाव गाळून, मला पाठवा. कुठल्या पोर्टांना लाल शाई लावायची ते आपण मिळून बघू.